मातीतला प्लांटेड टँक: खर्च किती, फसगत कुठे

काचेच्या टाकीत तळाला साधी माती, तिच्यावर वाळूचा थर, त्यात मुळं धरून वाढणाऱ्या खऱ्या पाणवनस्पती आणि सगळ्यात शेवटी थोडे मासे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा टाकीला मुंबई-पुण्यात लोखंडी स्टँडसकट साधारण सहा ते अकरा हजार रुपये लागतात. स्टँड घरातच असेल तर साडेचार ते आठ. याच मापाला दुकानात वीस-पंचवीस हजार सांगितले, तर त्यात परदेशी ‘अ‍ॅक्वासॉइल’, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि बाहेरचा कॅनिस्टर फिल्टर धरलेला असणार. मातीच्या टाकीला यातलं काहीही लागत नाही. खालचे भाव अंदाजाचे आहेत. शहर, दुकान आणि तुमची घासाघीस यांप्रमाणे ते वर-खाली होतील.

माहिती शोधताना ‘वॉलस्टॅड’ हा शब्द टाका. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ साली ‘इकॉलॉजी ऑफ द प्लांटेड अ‍ॅक्वेरियम’ या पुस्तकात ही कमी खर्चाची पद्धत मांडली. नुसतं ‘प्लांटेड टँक’ शोधलंत तर सिलिंडरवालेच पुढे येतील.

पैसे कुठे घालायचे याचा नियम एकच. पहिल्या दिवशी वनस्पतींवर हात सैल सोडा, बाकी सगळीकडे आखडता घ्या. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. टाकी, टॉप आणि फिल्टरवर पैसे संपवतात आणि मातीत चार काड्या खोचतात. मग मातीतून सुटणारं खत झाडांऐवजी शेवाळ खातं, पाणी हिरवं होतं आणि शेवाळ मारायच्या बाटल्यांचा खर्च सुरू होतो.

टाकी आणि स्टँड

काचवाल्याकडे बनवून घेतली तर १,००० ते १,६०० रुपये. ५ मिलिमीटर काच मागा आणि ताब्यात घेताना कडेला मोजपट्टी लावून बघा, कारण ४ मिलिमीटर देऊन ५ चा भाव लावला जातो. कडा घासण्याचे पैसे काही ठिकाणी वेगळे असतात, ते आधीच विचारा. घरी आणल्यावर लगेच माती भरू नका. बाथरूममध्ये सपाट जागी, खाली थर्माकोल घालून एक दिवस पाणी भरून ठेवा. गळती निघाली तर दुरुस्ती किंवा बदली फुकट, हे बिलावर लिहून घ्या. तोंडी कबुलीला नंतर कोणी विचारत नाही.

‘फुल सेट’ घेऊ नका. टॉप, दिवा, फिल्टर, रंगीत खडे, प्लास्टिकची झाडं आणि वर चार गोल्डफिश फुकट. खडे आणि प्लास्टिक तुम्ही फेकून देणार, निळसर शोभेच्या दिव्यावर झाड वाढणार नाही आणि गोल्डफिश माती उकरून झाडं खाऊन टाकणार. म्हणजे सेटमधली कामाची वस्तू एकच, टाकी.

भरलेल्या टाकीचं वजन ७५ किलोच्या आसपास जातं. स्टँड १,८०० ते ३,००० रुपये. पैसे वाचवायला कॉम्प्युटर टेबल किंवा पार्टिकल बोर्डाचं कपाट वापरू नका, पाणी लागलं की ते फुगतं. दोन फुटी टाकीचा भार घरातल्या एका माणसाएवढाच असल्यामुळे स्लॅबची काळजी नको. चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच टाकी मात्र अडीचशे लिटरची होते, म्हणजे वजन तीनशे किलोच्या पुढे. ती जुन्या इमारतीत ठेवायची असेल तर आधी इंजिनिअरला विचारा. गॅलरीत तर नकोच. वजनाचा प्रश्न आहेच, शिवाय उन्हाने पाणी तापतं आणि शेवाळही येतं.

माती: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जास्त चुका इथेच

दोन फूट बाय एक फूट तळावर एक इंचाचा थर द्यायला साधारण साडेचार लिटर माती लागते. म्हणजे पाच-सहा किलो, म्हणजे पन्नास ते शंभर रुपये. एवढंच. याच तळाला दोन इंच परदेशी अ‍ॅक्वासॉइल घालायचं तर नऊ लिटरची पिशवी लागते आणि ती काही हजारांत जाते.

नर्सरीत जाऊन ‘पॉटिंग मिक्स’ मागू नका. ‘नुसती पोयटा माती’ किंवा ‘नुसती लाल माती’ म्हणा. पुण्यात सोलापूर रस्त्यावर हडपसर, मांजरी ते उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्यांची रांग आहे, तिथे ती सुटी मिळते. पिशवीवर किंवा माळ्याच्या बोलण्यात पुढचा एकही शब्द आला तर पिशवी खाली ठेवा: निंबोळी पेंड, हाडांचा चुरा, डीएपी, युरिया, कोंबडखत, ताजं शेणखत. निंबोळी पेंड कीड मारण्यासाठी घालतात, मासे आणि गोगलगायी तिच्या जवळपासही नकोत. युरिया आणि ताज्या खतातून पाण्यात अमोनिया सुटतो. कोकोपीट आणि परलाइट विषारी नाहीत, पण तरंगतात आणि वाळूचा थर फोडून वर येतात.

शेतातली काळी माती फुकट मिळते म्हणून मोह होईल, तो टाळा. ती चिकट असते, भिजली की फुगते, जरा हलली की पाणी गढूळ होऊन दिवसेंदिवस निवळत नाही. तिच्यात चुनखडीचे खडेही बरेचदा असतात आणि त्यांनी पाणी कठीण होतं. शेतात काय फवारलंय हा प्रश्न वेगळाच. बांधकामाच्या जागेवरची माती सिमेंटमुळे बाद. कोकणातली लाल माती चांगली, लोह भरपूर. पण तिच्यात झाडांना खाऊ कमी, म्हणून दहा भागांना एक भाग पूर्ण मुरलेलं गांडूळखत मिसळा. जास्त नको.

फुकटातली चांगली युक्ती अशी: तुमच्या किंवा शेजारच्या कुंडीतली, दीड-दोन वर्षं खत न घातलेली माती घ्या. तिच्यातलं कुजायचं ते बहुतेक कुजून झालेलं असतं.

माती चाळून काड्या-खडे काढा. बादलीत दिवसभर भिजवा, तरंगतं ते काढून टाका, पाणी ओता, उन्हात वाळवा, ढेकळं फोडा. हे तीन-चार वेळा करा. मार्च ते मे या महिन्यांत पंधरा दिवसांत होतं, पावसाळ्यात गच्चीवर जमत नाही. हा टप्पा गाळला तरी टाकी उभी राहते, पण पहिल्या महिन्यात अमोनिया जास्त सुटतो आणि पाणी जास्त वेळा बदलावं लागतं. वेळ वाचवायचा की पाणी, ते तुम्ही ठरवा. घाईत असाल तर निदान मूठभर माती काचेच्या बरणीत पाणी घालून ढवळा आणि दोन दिवस ठेवा. पाणी निवळलं, वास आला नाही आणि तवंग धरला नाही तर चालेल.

वाळू १ ते ३ मिलिमीटरची, वर एक ते दीड इंच, एकूण दहा किलोच्या आसपास. वाळूच्या डेपोवरून आणून चाळली तर शंभर रुपये पुष्कळ झाले. माशांच्या दुकानात तीच किलोच्या पुड्यांत तीनशेपर्यंत जाते. क्रश सँड धारदार असते आणि तिची धूळ संपत नाही. समुद्राच्या वाळूत मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. शंका असेल तर थोड्या वाळूवर व्हिनेगर टाका. फेस आला तर तिच्यात चुना आहे, नको. पाणी नितळ येईपर्यंत धुवा, हे कंटाळवाणं काम आहे आणि त्याला पर्याय नाही.

थर जाड केले तर झाडं जास्त वाढतील असं नाही. माती एक इंचापेक्षा आणि वाळू दीड इंचापेक्षा जास्त झाली की तळाला हवा पोचत नाही आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू साठतो. बुडबुडे दिसले तर आठवड्यातून एकदा बांबूच्या बारीक काडीने चार ठिकाणी टोचा. ढवळू नका.

वनस्पती

इथे १,२०० ते २,००० रुपये बाजूला काढा आणि ते एकाच दिवशी खर्च करा. तळाचा निदान पाऊण भाग पहिल्या दिवशी झाकला पाहिजे. दोन फुटी टाकीला बारा ते पंधरा जुड्या लागतात. जुडी साधारण ६० ते १२० रुपयांना मिळते. आज चार, पुढच्या महिन्यात चार असं करणाऱ्यांची टाकी शेवाळात जाते.

काय घ्यायचं: वॅलिसनेरिया, हायग्रोफिला, दुकानात ‘अंब्युलिया’ म्हणून मिळणारी लिम्नोफिला, हिरवी रोटाला, बकोपा, क्रिप्टोकोरीन वेंडटी. वर तरंगायला मूठभर साल्व्हिनिया, ती जास्तीचं खत झपाट्याने शोषते. अमेझॉन स्वॉर्ड घ्यायचीच तर एकच, कारण फुटाच्या टाकीत ती जागा खाते. काय घ्यायचं नाही: गालिच्यासारख्या पसरणाऱ्या आणि लालभडक जाती. त्या बहुतेक सिलिंडरच्या आणि कडक दिव्याच्या आशेवर जगतात. अनुबियास आणि जावा फर्न कणखर आहेत, पण महाग. त्या लाकडाला किंवा दगडाला बांधायच्या असतात, जाड खोड मातीत पुरलं तर सडतं. शिवाय वाढ संथ, त्यामुळे सुरुवातीला उपयोग शून्य. टिश्यू कल्चरचा कप २५० ते ४०० रुपयांना पडतो. त्यात गोगलगायी आणि शेवाळ येत नाही हा फायदा खरा, पण रोपं इवलीशी असतात.

आता सावध राहायची जागा. लकी बांबू, ड्रॅसिना, सिंगोनियम, जांभळ्या पानांची हेमिग्राफिस ही घरात ठेवायची झाडं दुकानाच्या टाकीत बुडवून ‘पाण्यातली’ म्हणून विकली जातात. काही आठवडे हिरवी दिसतात, मग सडून पाणी नासवतात. विकणाऱ्याला झाडाचं नाव विचारा. ‘ग्रीन प्लांट’ एवढंच उत्तर आलं तर घेऊ नका.

नर्सरीतली ब्राह्मी म्हणजे बकोपा, ती वीस-तीस रुपयांच्या कुंडीतून मिळते आणि पाण्याखाली उत्तम वाढते. मात्र आपल्याकडे मंडूकपर्णीलाही ब्राह्मी म्हणून विकतात. गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचं पान नको. देठावर समोरासमोर बारीक, मांसल पानं असलेली घ्या. माती पूर्ण धुऊन आठवडाभर बादलीत ठेवा आणि पाणी बदलत राहा, म्हणजे फवारा मारलेला असेल तर उतरेल.

कुठे घ्यायचं: मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याचा शोभिवंत माशांचा बाजार, इतर शहरांत चांगली दोन-तीन दुकानं आणि ऑनलाइन विक्रेते. ऑनलाइन मागवताना पार्सल सोमवार ते बुधवार निघेल असं सांगा. शुक्रवारी निघालेलं रविवारी गोदामात पडून राहतं. एप्रिल-मे टाळा. कुरिअरचे शंभर-दोनशे सगळेच लावतात, ‘पॅकिंग’चे वेगळे शेवटच्या पानावर दिसतात. पार्सल उघडताना न थांबवता व्हिडिओ काढा. मेलेली रोपं बदलून देण्याची अट बहुतेकांकडे त्यावरच चालते. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिल मात्र हवं.

सगळ्यात स्वस्त वनस्पती दुकानात नसतात. जुनी मातीची टाकी असलेला कोणीही माणूस महिन्याला टोपलीभर छाटण टाकून देतो. मागून घ्या, निम्म्या किमतीतही देतात, बरेचदा फुकट. ओढ्यातून, तळ्यातून उपटून आणू नका. जळवा आणि चतुराच्या अळ्या येतात, त्या अळ्या लहान मासे खातात. कोकणातल्या ओढ्यांत क्रिप्टोकोरीनच्या मोजक्या जागी उरलेल्या जाती आहेत, त्या तिथेच राहू द्या. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांनाही कप आणायला सांगू नका. प्लांट क्वारंटाइन ऑर्डर, २००३ प्रमाणे जिवंत रोपांना आयात परवाना आणि त्या देशाचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र लागतं.

कोणतंही रोप लावण्याआधी फिकट गुलाबी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून धुवा. आणि लावल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पानं विरघळली तर घाबरू नका. शेतकरी यातली बरीचशी झाडं पाण्याबाहेर वाढवतात. बुडल्यावर जुनी पानं जातात, नवी येतात. क्रिप्टोकोरीन तर पार दिसेनाशी होते. मूळ उपटू नका.

दिवा, फिल्टर, वीज

दिवा १५ ते २० वॅटचा, ६५०० केल्विन, पांढरा. अ‍ॅक्वेरियमचा म्हणून घेतला तर ७०० ते १,५००. घरगुती दोन फुटी एलईडी बॅटन दोन लावल्या तरी झाडं वाढतात आणि पैसे निम्मे लागतात, पण मधे काचेचं झाकण ठेवा आणि वायर सॉकेटच्या खालून वळवून वर न्या, म्हणजे थेंब प्लगमध्ये जाणार नाही. दिवसाला आठ तास पुरे. सकाळी ७ ते ११, संध्याकाळी ४ ते ८ असे तुकडे केले तर मधल्या वेळात मातीतून सुटणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठतो आणि झाडांना तो फुकट मिळतो. सिलिंडरचे आठ-दहा हजार असे वाचतात. टायमर ३०० ते ५००, ऐच्छिक.

फिल्टर साधा, स्पंजचा किंवा आतला छोटा, ३५० ते ७०० रुपये. पाणी हलत राहिलं की झालं. बुडबुड्यांचा पडदा लावू नका, त्याने पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो.

विजेचा हिशेब: १८ वॅटचा दिवा आठ तास आणि ६ वॅटचा फिल्टर चोवीस तास, दोन्ही मिळून महिन्याला नऊ युनिटच्या आत. सगळे आकार धरून युनिटला दहा रुपये पडत असतील तर नव्वद रुपये. मुंबई-कोकणात हीटर लागत नाही, दुकानदार काहीही सांगो.

पाणी आणि पहिले सहा आठवडे

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. बादली उघडी ठेवून दिवसभराने वापरा, किंवा हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट घ्या, डाळीच्या दाण्याएवढा खडा एका बादलीला. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनांच्या दुकानांत ते सुटं मिळतं. माशांच्या दुकानातल्या ‘अँटी-क्लोरीन’च्या छोट्या बाटलीत बरेचदा तेच द्रावण असतं, भाव कितीतरी पट. टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर ते कठीण असू शकतं. वॅलिसनेरियाला चालतं, इतरांसाठी निम्मं आरओचं मिसळा. नुसतं आरओ नको.

लावायला अर्धा दिवस धरा. माती चिखलासारखी ओली करून पसरा, वर वाळू, त्यावर ताटली ठेवून तिच्यावर हळू पाणी सोडा. दोन-तीन इंच पाण्यात झाडं लावा, मग टाकी भरा.

पहिला आठवडा दिवसाआड निम्मं पाणी बदला, दुसऱ्या आठवड्यात दोनदा, पुढे आठवड्याला पाव. अमोनिया आणि नायट्राइटच्या चाचणीच्या किटला ५०० ते ९०० रुपये लागतात. ही एकच ‘जास्तीची’ वस्तू मी सोडू देणार नाही. दोन्ही आकडे आठवड्याच्या अंतराने दोनदा शून्य आले की मासे आणा. साधारण चार ते सहा आठवडे. ‘मासे टाकल्याशिवाय टाकी सायकल होत नाही’, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू तयार होत नाहीत, असं काउंटरवर सांगतील. मातीच्या टाकीत अमोनिया माती देतेच, त्यासाठी मासे मारायची गरज नाही.

आठ-दहा लहान मासे, २०० ते ४०० रुपये. गप्पी, एंबर टेट्रा, हार्लेक्विन रासबोरा. काच साफ करतो म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर नको. तो फुटापेक्षा मोठा होतो, मग लोक नदीत सोडतात, आणि उजनी धरणात तो मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. साफसफाई गोगलगायी करतात, त्या झाडांबरोबर आपसूक येतात. तांबं असलेली औषधं त्यांना मारतात, खडेमीठ झाडांना. आजारी माशाला वेगळ्या भांड्यात औषध द्या. छाटण नाल्यात किंवा नदीत टाकू नका, वाळवून कुंडीत घाला.

चिमटा, थर्माकोल, हायपो, गाळणी अशा बारीकसारीक वस्तूंना २५० ते ५०० रुपये धरा.

महिन्याचे तीन-चारशे घेऊन येणाऱ्या मेंटेनन्सवाल्याला या टाकीला हात लावू देऊ नका. तो सवयीने नळी खडीत खुपसून तळ उपसतो. वाळूखालची माती वर आली की एका भेटीत दोन महिन्यांचं काम जातं, आणि गढूळ पाण्यावर औषधही तोच विकतो. काच पुसणं, पाव पाणी बदलणं, छाटणी, एवढं तुम्ही आठवड्याला अर्ध्या तासात करता.

भाड्याचं घर असेल तर

परवाना लागत नाही. पण अकरा महिन्यांचा करार असेल तर टाकी ठेवण्याआधी मालकाला मेसेजवर कळवा आणि टाकीखालच्या फरशीचा फोटो काढून ठेवा. डिपॉझिटमधून ‘पाण्याचे डाग’ कापले जातात तेव्हा हाच पुरावा.

आणि टाकी ठेवताना हेही धरून चला की मातीची टाकी भरलेली हलवता येत नाही. पाणी कमी करून उचलली तरी तळ ढवळतो, शिवण उसवते. घर बदललं की ती मोडायचीच. मासे झाकणाच्या बादलीत टाकीतल्याच पाण्यात, आदल्या दिवशी खायला न देता. झाडं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, दोन दिवस सहज टिकतात. फिल्टरचा स्पंज टाकीच्या पाण्यात बुडवून न्या, धुऊ नका, त्यातले जिवाणू नव्या घरी कामाला येतात. वाळू धुऊन परत वापरा. जुनी माती कुंड्यांत घाला आणि नव्या घरी नवी घ्या, शंभर रुपयांचाच प्रश्न आहे. नवी टाकी पुन्हा शून्यापासून धरायची, म्हणून मासे तेवढे आठवडे ठेवायला एखादा प्लास्टिकचा टब आणि तो स्पंज फिल्टर तयार ठेवा. पॅकर्सवाल्याला काच फुटल्यास भरपाई किती, हे कोटेशनवर लिहून मागा. ‘फिशटँक ग्राहकाच्या जबाबदारीवर’ असं लिहिलेलं असेल तर रिकामी टाकी गादीत गुंडाळून तुमच्याच गाडीतून न्या.